न लिहिलेल्या पुस्तकांचा कप्पा

वयाची पंचाहत्तरी उलटली की माणसाने आपली पुस्तके आपल्याच हातांनी देऊन टाकावीत, असे आमचे मत आहे. मागे राहिलेल्यांवर ते काम सोपविणे हा त्यांच्यावर अन्याय आणि पुस्तकांवर त्याहून मोठा. या विचाराने गेल्या वर्षी आम्ही आमचा संग्रह वसईतील आमच्या गावच्या वाचनालयास देण्याचे ठरविले. यादी करायला वाचनालयाचा तरुण ग्रंथपाल घरी आला. बायबलवरील भाष्ये, संतचरित्रे, कवितासंग्रह, व्याकरणाची पुस्तके ही सारी त्याने भराभर विषयवार लावली. शेवटच्या कपाटातील मधल्या कप्प्याशी मात्र तो थबकला.

"सर, हे कोणत्या विषयात घालू?"

त्या कप्प्यात एल्व्हिस प्रेस्ली होता, बीटल्स होते, पेले होता, सुनील गावसकर होते. संगीतात घालावे तर अर्धे खेळाडू. क्रीडेत घालावे तर अर्धे गवई. आम्हाला स्वतःला सूर लागत नाही आणि मैदानावर आम्ही नेहमी सीमारेषेबाहेर चेंडू आणून देणाऱ्यांतले. तरीही आयुष्यभर आम्ही हीच पुस्तके चोरट्या आवडीने वाचली. लहानशा घरातला एखादा मुलगा किंवा एखादी मुलगी. हजारो कंठ एके दिवशी त्यांचे नाव घेऊन ओरडतात. आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरात काय होते, ते या पुस्तकांत असते. टाळ्या थांबल्यानंतरचे ते पान आम्ही प्रत्येक पुस्तकात शोधत आलो.

त्या कप्प्यात एक मराठी पुस्तक आहे. ते तेथे सर्वांत उशिरा आले. यायला हवे होते सर्वांत आधी. त्याची ही हकीकत आहे आणि तीत आमच्याकडे मोठेपणा थोडाही येत नाही, हे वाचकांस आधीच सांगून ठेवतो.

१९७२ साली, दुष्काळाच्या त्या वर्षी, आम्ही पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत शिक्षक म्हणून रुजू झालो. पुढे १९८४ मध्ये शेजारच्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या परिसरात आलो आणि २००५ साली तेथूनच निवृत्त झालो. तेहेतीस वर्षे या दोन तालुक्यांचे मीठ खाल्ले. दिवाळी आणि मे महिन्यात वसईस जाताना मुंबईत एक दिवस मोडायचा, फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर जुन्या पुस्तकांचे ढीग उपसायचे आणि पिशवी भरून परतायचे, हा आमचा क्रम होता.

हंटर डेव्हिस यांनी लिहिलेले बीटल्सचे चरित्र असेच हाती लागले. ते १९६८ चे. चौघे तेव्हा एकत्र होते. १९७० मध्ये त्यांची फाटाफूट झाली. त्यामुळे पुस्तकाला जे ठाऊक नाही ते वाचणाऱ्याला ठाऊक असते आणि आनंदाच्या प्रत्येक प्रसंगावर एक सावली पडते. गावसकरांचे 'सनी डेज' १९७६ चे. लेखकाची निवृत्ती तेव्हा अकरा वर्षे दूर होती. त्यात आरंभीच एक प्रसंग आहे. प्रसूतिगृहात बाळांची अदलाबदल झाली. काकांनी पहिल्या दिवशी कानाजवळची खूण पाहून ठेवली होती म्हणून चूक उघडकीस आली आणि बाळ एका कोळिणीच्या कुशीत सापडले. आम्ही वसईचे, समुद्राकाठची घरे आमच्या ओळखीची. त्या दुसऱ्या बाळाचे पुढे काय झाले, हा प्रश्न आमच्या मनातून कधीच गेला नाही. एका बाळावर ग्रंथ झाले. दुसऱ्याचे नावही कोणी लिहून ठेवले नाही.

त्रिनिदादच्या सी. एल. आर. जेम्स यांचे १९६३ चे 'बियाँड अ बाउंडरी' हे आमच्या मते त्या कप्प्याचे भूषण. वेस्ट इंडीजच्या क्रिकेटचा, वर्णभेदाचा आणि गुलामगिरीनंतरच्या समाजाचा तो इतिहास; परंतु त्याचा आरंभ होतो लेखकाच्या लहानपणीच्या एका शेजाऱ्यापासून. घराच्या खिडकीतून मैदान दिसे. तेथे मॅथ्यू बाँडमन नावाचा एक अनवाणी, कामधंदा न करणारा, गावाने ओवाळून टाकलेला तरुण खेळायला येई. त्याने हातात बॅट घेतली की मात्र साऱ्या गावाची नजर खिळून राही. या माणसाने कोठलाही विक्रम केला नाही. जेम्स यांनी त्याला आपल्या ग्रंथाच्या उंबरठ्यावरच बसविले. त्या पानांच्या समासात आम्ही पेन्सिलीने लिहून ठेवले होते: 'इतिहास असा लिहावा.'

हे लिहिले त्या रात्री दूरच्या एका गावातून हलगीचा आवाज येत होता. चैत्राचे दिवस होते, यात्रा होती आणि यात्रेत तमाशा होता. आवाजाचा त्रास होतो म्हणून आम्ही उठून खिडकी लावून घेतली.

या भागाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. नारायणगावास तमाशाची पंढरी म्हणतात. दसऱ्याच्या सुमारास फड बाहेर पडतात आणि वैशाखातल्या यात्रा उरकून परततात. पाडव्याच्या आधीचे काही आठवडे पुणे-नाशिक रस्त्यालगत फडांच्या राहुट्या लागतात. प्रत्येक राहुटीबाहेर फडाच्या नावाचा फलक. आत बैठक आणि एक वही. गावोगावच्या यात्रा कमिटीची मंडळी येतात, या राहुटीतून त्या राहुटीत फिरतात, चहा होतो, घासाघीस होते, सुपारी ठरते, विसार दिला जातो आणि वहीत गावाचे नाव व तिथी लिहिली जाते. दिलेली तिथी मोडत नाही. आज या गावी गण, गौळण, बतावणी, वग असे रात्रभर करायचे, पहाटे राहुट्या-कनाती उतरवून सारे सामान मोटारीत भरायचे आणि उद्या तीस-चाळीस कोसांवरच्या दुसऱ्या गावी पुन्हा उभे राहायचे. नाचणारी, गाणारी, ढोलकीवाला, सोंगाड्या, आचारी, मेखा ठोकणारे असा शंभराच्या आसपास माणसांचा संसार मोठ्या फडाबरोबर फिरत असतो.

या राहुट्यांवरून आम्ही वर्षानुवर्षे रोज सायकलने गेलो. एकदाही आत डोकावलो नाही. वसईच्या आमच्या घरात लग्नाला बँड चाले, नाताळात गाणी चालत, व्हायोलिन चाले. 'तमाशा' हा शब्द मात्र केवळ फजितीच्या अर्थाने वापरला जाई. ही शिकवण आम्ही बरोबर नेली आणि तिला सुसंस्कृतपणा समजत राहिलो. मेम्फिसच्या ट्रक चालविणाऱ्या एका मुलाला लोकांनी कसे डोक्यावर घेतले, हे आम्हाला इत्थंभूत ठाऊक होते. आमच्याच गावच्या बाईला महाराष्ट्राने कसे डोक्यावर घेतले, हे जाणून घेण्याची इच्छाही आम्हाला झाली नाही.

त्या बाईंचे नाव विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. जन्म १९३५ चा, पंढरपूरचा. वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा 'भाऊ-बापू मांग नारायणगावकर' हा फड नामांकित होता. विठाबाई लहानपणीच त्यात उभ्या राहिल्या. गाणे, नाच आणि वगातील अभिनय या तिन्हींत त्यांचा हात धरणारे कोणी उरले नाही. १९५७ आणि १९९० साली त्यांना राष्ट्रपतिपदक मिळाले. त्यांच्याविषयीची एक हकीकत या भागात लहान पोरालाही ठाऊक असते. दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या. कळा सुरू झाल्या. पडद्यामागे जाऊन प्रसूत झाल्या. दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर येऊन उभ्या राहिल्या. गाव, रात्र, प्रेक्षकांचे वागणे हे सांगणाऱ्यागणिक थोडे थोडे बदलते. दगड बदलत नाही.

१९९० साली त्या पदकाची बातमी वर्तमानपत्रात आली, त्याच आठवड्यातली गोष्ट. आठवीच्या वर्गात एक मुलगी होती. तिची आई एका फडात होती. मुलगी आजीजवळ राहून शिकत होती. शाळेच्या अर्जावर पालकाच्या व्यवसायापुढे तिने 'मजुरी' असे लिहिले होते. आम्ही ते पाहिले होते आणि दुरुस्त करायला सांगितले नव्हते. आमच्या मते ती तिच्यावर केलेली कृपा होती. आमच्याकडे शाळेच्या ग्रंथालयाचेही काम असे. मधल्या सुट्टीत ती आली, दाराशी उभी राहिली आणि विचारती झाली, "सर, विठाबाईंवर पुस्तक आहे का?"

त्या क्षणी आमच्या टेबलावर पेलेचे आत्मचरित्र उघडे होते. ब्राझीलमध्ये बूट पुसणाऱ्या मुलाची ती कथा. आम्ही वर पाहिले आणि हसून म्हणालो, "बाळ, पुस्तके थोरामोठ्यांवर असतात."

ती काही बोलली नाही. थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. आम्ही पुन्हा पेलेकडे वळलो. एवढीच ती घटना. कोणी रडले नाही, कोणी तक्रार केली नाही. परंतु शिक्षकाच्या आयुष्यातली पापे बहुधा अशीच, मधल्या सुट्टीत आणि हसत हसत घडतात.

१५ जानेवारी २००२ रोजी विठाबाई गेल्या. अखेरचे दिवस आजारात आणि ओढगस्तीत गेले. रुग्णालयाचे बिल लोकांनी दिलेल्या पैशांतून भागले, हे साऱ्या वर्तमानपत्रांनी छापले. पुढे शासनाने त्यांच्या नावे तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. निवृत्तीनंतर काही वर्षांनी पुण्यात एका दुकानात योगीराज बागूल यांचे 'तमाशा: विठाबाईच्या आयुष्याचा' हे पुस्तक आम्हाला दिसले. आम्ही ते विकत घेतले, वसईस आणले, आणि खरे सांगायचे तर दोन महिने उघडले नाही. त्या मुलीचा प्रश्न पुस्तकावर पेपरवेटसारखा ठेवलेला होता.

शेवटी वाचले, आणि शेजारी पीटर गुरालनिक यांचे एल्व्हिसचे दोन खंड ठेवून वाचले. पहिला खंड १९९४ चा, दुसरा १९९९ चा. पहिल्यात उदय, दुसऱ्यात ऱ्हास, अशी त्यांची वाटणी आहे. एल्व्हिसचा जन्मही १९३५ चाच. ट्यूपेलो गावी, दोन खोल्यांच्या घरात. १९५७ साली त्याने मेम्फिसमध्ये ग्रेसलँड हे प्रशस्त घर घेतले. त्याच वर्षी विठाबाईंना पहिले पदक मिळाले. १९७७ साली, बेचाळिसाव्या वर्षी, त्याच घरात तो गेला. दोघांनाही लोकांनी अमाप प्रेम दिले आणि त्या प्रेमाने दोघांचीही दैना टळली नाही. इथवर साम्य आहे.

भेद आहे तो कागदाचा. एल्व्हिसने कोणत्या दिवशी, कोणत्या खोलीत, कोणत्या वादकांबरोबर कोणते गाणे किती वेळा ध्वनिमुद्रित केले, याची नोंद आहे. चरित्रकाराला ती टेबलावर मांडता येते. विठाबाईंच्या कारकिर्दीतील हजारो रात्री ज्या कनातीत घडल्या, त्याच कनातीबरोबर पहाटे गुंडाळल्या गेल्या. त्यांचा मोठा भाग कोणी मुद्रित केला नाही, कोणी त्यावर परीक्षण लिहिले नाही. त्या काळी गाणे तबकडीवर चढले की त्याला वय मिळे. फडावरच्या गाण्याला पहाटेपर्यंतचेच आयुष्य. म्हणून आपल्याकडे अशा माणसाचे चरित्र लिहिणाऱ्याला गावोगाव फिरून, म्हाताऱ्या कलावंतांच्या ओट्यावर बसून, आठवणी गोळा कराव्या लागतात. अशा एका पुस्तकामागे किती एस. टी. प्रवास असतील, याचा विचार करून आम्ही ते पुस्तक दुसऱ्यांदा वाचले.

आम्हा ख्रिस्ती वाचकांना हे दुःख परके वाटण्याचे कारण नाही. हिंदी चित्रपटसंगीताच्या सुवर्णकाळात वाद्यवृंदात बसणारे, स्वरलिपी लिहिणारे, वाद्यमेळ रचणारे कितीतरी लोक गोव्याचे कॅथॉलिक होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतले एक. राहुलदेव बर्मन आणि प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' मधील गाण्यातले नाव प्यारेलाल यांनी गुरूच्या सन्मानार्थ घातलेले आहे. साऱ्या देशाने ते नाव गुणगुणले. ते एका हयात माणसाचे आहे हे थोड्यांनाच ठाऊक होते. या वादकांच्या कामाची सविस्तर हकीकत २००८ साली ग्रेगरी बूथ या परदेशी अभ्यासकाने 'बिहाइंड द कर्टन' मध्ये लिहिली. तोवर त्यांच्यापैकी कितीतरी जण मातीआड झाले होते. आपल्या माणसांच्या बाबतीत हे घडले तेव्हा आम्हाला राग आला होता. तोच राग राहुट्यांवरून सायकलने जाताना आला नव्हता.

असो. गवयांची गोष्ट झाली, आता खेळाडूंची.

जुन्नर-आंबेगावचा खेळ म्हणजे बैलगाडा. आंबेगाव तालुक्यात थापलिंगच्या खंडोबाला पौष पौर्णिमेस यात्रा भरते, तेथील शर्यत नावाजलेली. ओतूरला श्रावण सोमवारी कपर्दिकेश्वराच्या यात्रेत कुस्त्यांचा आखाडा असतो. परंतु या मुलखाचा जीव खरा अडकलेला असतो तो घाटात. घाट म्हणजे चढणीची धावपट्टी. लहानसा हलका गाडा, त्याला चार बैल आणि पुढे घोडी. भंडारा उधळतो, निशाण पडते, आणि चार बैल त्या चढावर असे सुटतात की पाहणाऱ्याचा श्वास घशातच राहतो. काही सेकंदांत सारे संपते. मग ध्वनिक्षेपकावरून निवेदकाचा आवाज येतो: अमुक गावचा गाडा, इतके सेकंद, इतके मिली. त्या आकड्यासाठी शेतकरी आपल्या ताटातले काढून बैलाला घालतो.

हा आकडा पुढे कोठे जातो, हे आम्हाला २००० सालच्या सुमारास कळले. एके संध्याकाळी एक गृहस्थ आमच्या खोलीवर आले. घाटावर घड्याळ लावण्याचे काम ते वर्षानुवर्षे करीत. त्यांच्या पिशवीत लाल कापडी बांधणीच्या अकरा वह्या होत्या. यात्रा, तिथी, गाडामालकाचे गाव, बैलांची नावे, सेकंद. कोठे शेरा: 'पाऊस', 'घाट ओला', 'डावा बैल नवा'. अक्षर वळणदार. "सर, तुम्ही एवढी बुकं वाचता," ते म्हणाले, "हे तेवढं बुकात घालता येईल का बघा की." वार्षिक परीक्षेचे पेपर आमच्या पुढ्यात होते. "सुट्टीत बघू," आम्ही म्हणालो. सुट्टीत आम्ही वसईस गेलो आणि येताना फ्लोरा फाउंटनवरून पुस्तकांची पिशवी घेऊन आलो.

खेळाडूंच्या दुनियेत अशा वहीचे मोल काय असते, ते आम्हाला बाळू पालवणकरांनी शिकविले. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची देखभाल करीत आणि साहेबांना सरावाला चेंडू टाकीत हा चर्मकार समाजातला तरुण भारताचा पहिला थोर फिरकी गोलंदाज झाला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. मैदानात त्याच्याबरोबर खेळणारे सवर्ण सहकारी चहाच्या वेळी त्याला बाहेर वेगळ्या भांड्यात चहा देत. त्याला हिंदू संघाचे कर्णधारपद नाकारले गेले. ते १९२३ साली त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, मिळाले. रामचंद्र गुहा यांनी २००२ मध्ये 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरिन फील्ड' हा ग्रंथ लिहिला तेव्हा बाळू जाऊन पाऊणशे वर्षे नव्हे, तरी जवळजवळ अर्धशतक लोटले होते. त्यांच्या उपयोगी पडले ते विठ्ठल पालवणकरांनी मराठीत लिहून ठेवलेले 'माझे क्रीडाजीवन'. भावाने लिहिले म्हणून भाऊ वाचला. ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक १९५२ साली हेलसिंकीत मिळवून देणारे गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९८४ मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. संजय दुधाणे यांच्यासारख्या लेखकाने त्यांचे चरित्र लिहिले नसते, तर प्राचार्य खर्डेकरांनी त्यांच्या प्रवासासाठी स्वतःचे घर गहाण ठेवले होते, ही गोष्ट आजच्या मुलांपर्यंत कशी पोहोचती?

बैलगाड्याला मात्र बाळू-विठ्ठलसारखे भाऊ मिळाले नाहीत. मिळाले ते खटले. बैलांना टोचणे, मारणे अशा क्रौर्याच्या तक्रारी होत्या आणि त्या साऱ्याच खोट्या नव्हत्या, हे घाटावर उभे राहिलेला कोणीही प्रामाणिक माणूस कबूल करील. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. २०१७ मध्ये राज्याने कायदा केला; १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी मिळाली; १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा वैध ठरविला. न्यायालयापुढे परंपरेचा दाखला देताना लोक जुने कागद शोधत होते. आम्हाला त्या अकरा वह्यांची आठवण झाली.

म्हणून २०२३ च्या चैत्रात, अठरा वर्षांनंतर, आम्ही नारायणगावास गेलो. बरोबर बागूलांचे पुस्तक घेतले होते. ते कोणाला द्यायचे हे मनाशी ठरलेले होते.

वह्यांचे घर सापडले. ते गृहस्थ हयात नव्हते. त्यांच्या सुनेने पाणी दिले, ओटीवर बसविले आणि साधेपणाने सांगितले, "बंदीच्या वर्सांत घर झाडताना रद्दीत गेल्या. आता शर्यती होणारच नाहीत म्हटल्यावर कशाला ठेवायच्या?" तिचा काय दोष? पोलिसांची मनाई असलेल्या खेळाच्या वह्या तिने ठेवल्या तरी कोणासाठी? आणि ज्याच्यासाठी त्या एकदा दारापर्यंत आल्या होत्या, त्याने 'सुट्टीत बघू' म्हटले होते. 'घाट ओला', 'डावा बैल नवा' एवढी दोन टिपणे आमच्या स्मरणात उरली आहेत. एका मुलखाच्या क्रीडेतिहासाचे आमच्या हाती एवढेच राहिले.

ती मुलगीही सापडली. मुलगी कसली, पंचेचाळिशी ओलांडलेली बाई. जवळच्या एका वाडीत अंगणवाडी सेविका आहे. आम्ही गेलो तेव्हा मुले खाऊ खाऊन पांगत होती. तिने ओळखले, वाकून नमस्कार केला, खुर्ची दिली. आम्ही पुस्तक पुढे केले आणि वसईहून पाठ करून आणलेले वाक्य विसरून गेलो.

तिने वरचा कागद काढला, नाव पाहिले आणि हसली. "सर, हे मी वाचलंय. आईलाही वाचून दाखवलंय." मग भिंतीतल्या कपाटाकडे बोट केले. मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांवर, सर्वांत वरच्या फळीवर, तेच पुस्तक होते. "तुम्ही कधी वाचलंत, सर?"

"उशिरा," आम्ही म्हणालो.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुम्ही त्या वेळी म्हणाला होतात, पुस्तकं थोरामोठ्यांवर असतात. बरोबरच बोलला होतात तुम्ही."

तिच्या आवाजात टोचणी होती की नाही, हे आम्हाला आजवर ठरविता आलेले नाही. तिने चहा ठेवला. पडवीत तिची आई बसली होती. डोळ्यांनी अधू, पण स्मरणाने लख्ख. आम्ही कोण हे कळल्यावर ती म्हणाली, "पुस्तकात बाईंचं आलं ते लई बरं झालं. पण बाईंच्या मागं आमी धा-बारा जणी उभ्या असायचो, त्यांचं बी कुणी इचारा." आणि मग तिने, कोणी न विचारता, एका हंगामातल्या गावांची नावे क्रमाने सांगायला सुरुवात केली. पहिली तिथी कोठली, दुसरी कोठली, कोठे नदी उतरून जावे लागले, कोठे पाऊस आला आणि बिदागी निम्मी मिळाली. आमच्या खिशात पेन होते, कागद नव्हता. मुलीने अंगणवाडीची एक कोरी वही आणून दिली.

त्या संध्याकाळी एकेचाळीस गावे लिहून झाली. त्यानंतर दर रविवारी मिस्सा आटोपून घरी आलो की आम्ही फोन लावतो. मुलगी आईच्या कानाशी धरते आणि आम्ही लिहून घेतो. मागे उभ्या राहणाऱ्या बारापैकी नऊ जणींची नावे आतापर्यंत मिळाली आहेत. तीन अजून आठवत नाहीत; आठवतील, असे म्हातारी म्हणते.

ग्रंथपालाला आम्ही सांगितले की त्या कप्प्याला विषयाचे नाव देण्याची गरज नाही. 'गाणारे आणि खेळणारे' अशी चिठ्ठी लावली तरी पुरे. पुस्तके त्याने नेली. दोन जागा त्या कप्प्यात आम्ही मुद्दाम रिकाम्या ठेवायला लावल्या आहेत. एक अकरा वह्यांची आहे आणि ती रिकामीच राहणार. दुसरी या वहीची. ती पुरी झाली की नेऊन देऊ.